निल्लू

आधीच सांगून टाकते, मी अमावास्येला मुद्दाम प्रवासाला निघणारी बाई आहे, कारण त्या दिवशी एसटीत बसायला जागा मिळते. उदगीरला शाळेत विज्ञान शिकवते. जवळच्या एका गावात भानामती झाली म्हणून बोंब उठली होती, तेव्हा नववीची पोरं घेऊन तिथं गेले आणि कपडे आपोआप कसे पेटतात ते फॉस्फरस लावून चारचौघांत दाखवून आले. त्यामुळे या सदरात माझा अनुभव वाचून आमच्या स्टाफरूममध्ये काय हशा पिकणार आहे ते मला आत्ताच ऐकू येतंय. पिकू दे. जे झालं ते झालं तसं लिहिते. पदरचं मीठमसाला काही घालत नाही.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. माझा धाकटा भाऊ बसवराज, घरात बसू, त्याची उदगीरला डाळमिल आहे. त्याला पक्ष्यांत काडीचा रस नाही, पण गाडी चालवायला सांगा, अर्ध्या जेवणातून उठेल. म्हणून आमची जोडी जमते. तो चालवतो, मी "थांब, थांब" म्हणून ओरडते, तो भलतीकडंच जाऊन थांबतो, तोवर पक्षी उडालेला असतो, मग आम्ही भांडतो. देवणीचे माळ, जळकोटकडचे तलाव... वर्षानुवर्षं हेच चाललंय.

आफ्रिकेत नामिबिया नावाचा देश आहे, तिथं भाड्यानं गाडी घेऊन आपली आपण जंगलात फिरवता येते, ड्रायव्हर नाही, गाईड नाही, हे बसूला कुणीतरी सांगितलं. झालं! महिनाभर त्याला दुसरं काही सुचेना. बुकिंग केलं, आणि होळीच्या सुमाराला अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, लकवा मारला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. पेपर उलटा दिला तर डाव्या हातानं सुलटा करून घ्यायचे. पण तोंडातून शब्द म्हणून नाही. लातूरचे डॉक्टर म्हणाले, बोलणं येईलही, येणारही नाही. बसू रोज मिलला जाण्याआधी त्यांच्या पलंगाशी बसायचा. "अप्पा, बसू म्हणा की. एकदा. ब... सू." अप्पा ओठ हलवायचे, घशातून नुसती घरघर यायची, मग डोळ्यांत पाणी. मी बसूवर खेकसायची, कशाला छळतोस रे त्यांना? तर म्हणायचा, "अक्का, मरायच्या आत मला एकदा त्यांची हाक ऐकायची हाय." "तू कशाला मरतोस मेल्या, अजून माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगा कोण उचलणार?" असं म्हणून मी विषय उडवून लावायची. पण खरं सांगते, ऐकायची मलाही होती.

ट्रिप आम्ही एकदा पुढं ढकलली. दुसऱ्यांदा रद्दच करणार होतो, तर अप्पांनीच डाव्या हातानं माझी कॅमेऱ्याची बॅग थोपटली आणि दाराकडं बोट केलं. जा. बसूची बायको महानंदा म्हणाली, "मी हाय की इथं. शेजारी खाजाभाई हायेत. तुम्ही बिनघोर जा." दिवाळीच्या सुट्टीत निघालो. बिनघोर मात्र नव्हतो. आपण इतक्या लांब आणि इकडं अप्पांना काही झालं तर... ही एकच धास्ती दोघांच्या मनात होती, फक्त बोलून कुणी दाखवत नव्हतं.

आता दोन गोष्टी सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक, आमच्याकडं दसऱ्याला नीलकंठ बघायचा असतो. विजेच्या तारेवर बसतो, उडाला की पंखांत निळंच निळं दिसतं, तो. पक्षीवाले त्याला नीलपंख म्हणतात. आम्ही लिंगायत, नीलकंठ म्हणजे आमच्यासाठी साक्षात महादेव. अप्पा आम्हा दोघांना देवणी रोडच्या शेतात घेऊन जायचे. पक्षी दिसला की पायातलं काढायचं, मातीत उभं राहून हात जोडायचे, मग घरी येऊन जेवायचं. थोरपणीही हे सुटलं नाही. मी आपली फोटोसाठी जाते असं म्हणते. गेल्या दसऱ्याला अप्पा अंथरुणावर, त्यामुळं पहिल्यांदा ते राहून गेलं. बसूला ते लागून राहिलं होतं.

दुसरी गोष्ट बैलांची. अप्पांची देवणी जातीची जोडी होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. भालकीच्या बाजारातून आणलेली, म्हणजे कर्नाटकातली, आणि त्या बैलांना मराठी येत नव्हतं! हसू नका. "थांब" म्हणलं की खुशाल चालत राहायचे. "निल्लू" म्हणलं की जागच्या जागी उभे. कन्नडमध्ये निल्लू म्हणजे थांब, उभा राहा. अप्पा शेवटचा "लू" लांबवायचे... निल्लूऽऽ... आणि कासरा छातीशी ओढून धरायचे. बसू लहानपणी लई वांड होता, पुढंमागं न बघता रस्त्यावर पळत सुटायचा. त्यालाही अप्पा ह्याच शब्दानं थांबवायचे. अख्ख्या घरात तो शब्द दोघांसाठीच होता, बैलांसाठी आणि बसूसाठी. बैल जाऊन जमाना झाला. त्यानंतर तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता.

तर इटोशा. नामिबियाच्या उत्तरेचं मोठं जंगल, जंगल म्हणजे बरंचसं माळरानच. चुनखडीचे पांढरेफटक रस्ते, गाडी पुढं जाते आणि मागं धुरळा तसाच उभा राहतो. बसूनं पहिल्या दिवशीच निकाल दिला, "जळकोट रोडपेक्षा बरा हाय." स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं, गाड्या डाव्या बाजूनं, त्यामुळं तो एकदम घरच्यासारखा सुटला. कॅमेरा खिडकीत टेकवायला कापडी पिशवी लागते, ती रिकामी नेतात आणि तिथं धान्य घेऊन भरतात. ते घ्यायला गेलो तर दुकानात ह्यानं सगळ्या पुड्या फोडून बघायच्या बाकी ठेवल्या. "अक्का, ह्या वाटाण्याला कीड लागायली. दुसरा बघू." अरे, खायचा नाही तो! त्यावर कॅमेरा ठेवायचाय! पण डाळमिलवाल्याला कोण सांगणार.

गेटवर कागद दिला होता, त्यावर ठळक अक्षरांत, कॅम्प सोडून कुठंही गाडीतून उतरायचं नाही. बसूनं तो वाचून सही केली होती.

पहिले दोन दिवस सुरेख गेले. आपल्या माळढोकाचा तिकडचा थोरला भाऊबंद पाहिला, तो असा राजरोस चालत होता की मला आपल्याकडच्या माळांची आठवण होऊन वाईट वाटलं. जिराफ, झेब्रे, पाणवठ्यावर रांगेनं आलेले हत्ती. बसू रोज कॅम्पवर गेला की पहिल्यांदा वायफाय शोधायचा, घरी व्हिडिओ कॉल लावायचा आणि अप्पांना फोनमध्ये हत्ती दाखवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका आडबाजूच्या रस्त्यावर होतो. ऊन कलायला लागलं होतं. मागंपुढं एक गाडी नाही. रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक वाळलेला बुंधा आडवा पडलेला, आणि त्यावर तो बसलेला होता. तिकडचा नीलपंख. आपल्यासारखाच, फक्त छाती जांभळी आणि शेपटीला दोन लांब पिसं. मी "थांब" म्हणले आणि बसूनं चक्क वेळेवर गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मी पिशवीवर कॅमेरा टेकवला, पक्षी उडताना मिळावा म्हणून व्हिडिओ चालू केला आणि डोळा लावला.

बसू हळूच म्हणाला, "अक्का, नीलकंठ हाय की ह्यो."

मी म्हणलं, "हं. त्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ. गप बस."

"औंदा दर्शन राहिलंच व्हतं अप्पाचं."

"हं."

माझं लक्ष सगळं फोकसवर. दार उघडल्याचा आवाज मला आलाच नाही म्हणा ना. कॅमेऱ्यातून बघतेय, तर पक्ष्याच्या खाली, कडेनं, एक पाठ आत आली. निळा चेक्सचा शर्ट. बसू! गाडीला वळसा घालून, सँडल रस्त्यावर नीट जोडीनं काढून ठेवून, अनवाणी, हात जोडून माणूस चालला होता नीलकंठाच्या दर्शनाला. सिंहांच्या जंगलात! जगात दुसरं कोण असं करील सांगा. ज्यानं दसऱ्याला देवणी रोडच्या मातीत उभं राहून हात जोडलेत, तोच.

मला इतका संताप आला की काय सांगू. आणि त्याच वेळी बुंध्याच्या मागं, गवतात, मला दोन गोल कान दिसले.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. हे मी शपथेवर सांगेन. बसू आणखी एक पाऊल पुढं गेला.

"निल्लूऽऽ!"

मागून आला आवाज. गाडीच्या मागून, रस्त्यावरून. उंच सुरू होऊन खाली उतरणारा, "लू" लांबवलेला. अप्पांचा. लकव्याच्या आधीचा, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा तो.

बसू होता तिथं थिजला. एक पाय अर्धा उचललेला. पक्षी उडाला. बुंध्यामागनं सिंहीण डोकं वर करून उठून बसली, त्याच्यापासून इतकी जवळ की मधे फक्त तो बुंधा होता. आणि तिनं बसूकडं बघितलंच नाही. ती आमच्या गाडीच्या मागं, त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिली, कान टवकारून. बसू एकेक पाऊल मागं सरकत आला. दार लागलं. मी मागं वळून बघितलं. पांढरा रस्ता, आमचाच धुरळा खाली बसत आलेला. बाकी कुणी नाही.

बसूनं आधी सगळ्या काचा वर घेतल्या. "बरं झालं अक्का, ओरडलीस."

"मी नाही ओरडले."

"निल्लू म्हणलीस की."

"मी नाही म्हणले, बसू."

तो म्हणाला, "अप्पावानी म्हणलीस. हुबेहूब."

त्यानं गाडी चालू केली. ती भरधाव सुटली, तरी मी पहिल्यांदाच त्याला "हळू चालव" म्हणले नाही. सँडल तिथंच रस्त्यावर राहिले. आणायची हिंमत दोघांचीही नव्हती.

कॅम्पवर जाऊन मी आधी ते रेकॉर्डिंग ऐकलं. मला खात्री होती, माझाच आवाज निघणार. घाबरलेला माणूस काय बोलतो त्याला कळत नाही, हे मीच मुलांना सांगत आलेय. लावलं. होल्यांचं घुमणं. वारा. खडीवर बसूचे अनवाणी पाय. मग काहीच नाही. शब्द नाही, माझाही नाही, कुणाचाही नाही. फक्त पडद्यावर बसू थिजतो, पक्षी उडतो आणि सिंहीण उठून गाडीच्या मागं बघते. होल्यांच्या घुमण्याएवढा बारीक आवाज पकडणाऱ्या माईकला तो ओरडा ऐकूच आलेला नाही.

वायफाय लागलं. बसूनं घरी कॉल लावला, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत महानंदाच पडद्यावर ओरडली, "अहो, अप्पा बोलले!"

बसूनं फोनचा आवाज वाढवला.

ती सांगत होती. दिवेलागणीची वेळ होती. ती अप्पांकडून लिंगपूजा करवून घेत होती. रोज करायची, त्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. "डोळे मिटून बसले व्हते. आन् एकदम डोळे उघडून मोठ्यानं म्हणले, निल्लू! केवढ्यांदा! पलीकडून खाजाभाई धावत आले, काय झालं म्हणून." महानंदाचं माहेर औरादचं, सीमेवरचं, तिला कन्नड येतं. पण माहेरी कापडाचं दुकान, बैलांशी कधी संबंध आला नाही. तिला वाटलं, उभं राहायचंय म्हणतात. मग तिनं आणि खाजाभाईंनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. आणि अप्पा राहिले उभे! लकव्यानंतर पहिल्यांदा. ती आनंदानं रडत होती.

"फकस्त एक," ती म्हणाली, "लिंग हातात तसंच. मी म्हणलं पडंल बिडंल, द्या माझ्याकडं. तर मूठ अशी आवळलेली, छातीशी ओढून धरलेली. लई जोर लावून राहिले होते. घाम आला होता. बऱ्याच येळानं सोडली मूठ, मग बसवलं."

बसूनं आपला डावा हात छातीशी ओढून तिला दाखवला. "अशी?"

"हाव, अशीच. तुम्हाला कसं ठावं?"

कासरा ओढतात तसं. ते तिला कळायचं कारण नव्हतं. बसूनं टेबलाखालून माझा हात दाबला. काही बोलू नकोस. मी बोलले नाही. तो अनवाणी उतरला होता हे महानंदाला कळतं, तर तिनं त्याला पुन्हा उदगीरची वेस ओलांडू दिली नसती. (हे छापून आल्यावर कळेलच. बसू बघून घेईल.) फोन ठेवल्यावर मात्र तो लहान पोरासारखा रडला. आणि मी, जी पोरांना प्रयोगवहीत "निरीक्षण" आणि "अनुमान" वेगळं लिहायला लावते, ती नुसती त्याच्या शेजारी बसून राहिले.

तिकडं ऊन कललं होतं तेव्हा आपल्याकडं दिवे लागले होते. आपलं घड्याळ त्यांच्या साडेतीन तास पुढं, म्हणजे वेळ जुळते. मी पुन्हा पुन्हा हिशेब करून पाहिला.

परत आल्यावर लातूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं, लकव्याच्या पेशंटच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीचा एखादा शब्द अचानक निघून जातो, त्याला काही अर्थ असतोच असं नाही. पटलं मला. अप्पा तो शब्द का बोलले, हे त्यानं सुटतं. तो शब्द आम्ही कुठं ऐकला, हे मी त्यांना विचारलंच नाही. काय विचारणार होते?

जाताना त्यांनी बजावलं, पेशंटला धक्का बसेल असं काही बोलू नका. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, अप्पांना यातलं अक्षर सांगायचं नाही. व्हिडिओही कुणाला दाखवला नाही. तो माझ्या लॅपटॉपमध्ये आहे आणि त्याचा पासवर्ड बसूलासुद्धा माहीत नाही.

अप्पा त्यानंतर एक शब्द बोललेले नाहीत. बसू अजून सकाळी त्यांच्याजवळ बसतो, पण आता "बसू म्हणा" म्हणत नाही. नुसता पाय दाबून देतो आणि मिलला जातो.

या दसऱ्याला आम्ही अप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवून, गाडीत घालून देवणी रोडच्या शेतावर नेलं. सोयाबीन काढून झालेलं, रान मोकळं. फार वाट बघावी लागली नाही. बांधाच्या पलीकडं तारेवर नीलकंठ येऊन बसला. मी कॅमेरा उचलला. अप्पांनी डावा हात कपाळाला लावला. बसू त्यांच्या शेजारी उभा होता, तो सवयीनं वाकला आणि पायातल्या चपलेला हात घातला.

तेवढ्यात अप्पांनी त्याचा शर्ट मागून मुठीत धरला.

बसूला वाटलं, त्यांना काही पाहिजे. "काय अप्पा? पाणी देऊ?" अप्पांनी मान हलवली. नाही. तारेवरच्या पक्ष्याकडं बघितलं, बसूच्या पायांकडं बघितलं आणि मूठ आपल्या छातीशी ओढली. बसू शर्टासकट ओढला जाऊन खुर्चीला टेकला. जन्मभर ज्या माणसानं आम्हाला ह्याच मातीत चपला काढायला लावल्या, त्यानं त्या दिवशी काढू दिल्या नाहीत. बसूनं तिथूनच, खुर्चीला चिकटून, चपला घालून हात जोडले. पक्षी बराच वेळ बसून होता. तो उडून पार दिसेनासा झाला, तेव्हा अप्पांनी मूठ सोडली. शर्टाला चुण्या पडल्या होत्या.

येताना गाडीत बसूनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "अक्का, तू सांगितलीस त्यांना?"

"नाही. तू?"

"न्हाई."

मागच्या सीटवर माझ्या शेजारी अप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. माझ्या वहीत निरीक्षणाचा रकाना भरलेला आहे. अनुमानाचा अजून कोराच आहे.